संकल्प, बाकी आणि सांगता

आमच्या धर्मकृत्यांत आरंभाला जसा विधी आहे, तसा शेवटालाही आहे. पूजेस बसलेला यजमान प्रथम देश आणि काल उच्चारतो. संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि वार सांगतो. आपले गोत्र व नाव घेतो. आणि मग आपण काय करणार ते बोलून पाणी सोडतो. हा संकल्प. नीट पाहिले तर ही एक नोंदच आहे. कोणी, कोठे, केव्हा आणि काय करावयाचे पत्करले, एवढे सारे तीत येते. शेवटी त्या कर्माची सांगता होते. सांगता म्हणजे सर्व अंगांसह पूर्णता. व्रत असेल तर उद्यापन, सप्ताह असेल तर काला. आणि ग्रंथवाचनास तर आपण पारायणच म्हणतो, म्हणजे पलीकडच्या तीरास पोचणे.

परंतु संकल्प एका क्षणाचा असतो आणि सांगता एका दिवसाची. या दोहोंच्या मध्ये जो दीर्घ काळ जातो, त्याची चर्चा आम्ही फारशी करीत नाही. हाती घेतलेले काम कोठवर आले, काय उरले, उद्या प्रथम काय करावयाचे, हे ज्याला ठाऊक नसते त्याचा संकल्प हळूहळू विरून जातो आणि तो केव्हा विरला हेही त्याला कळत नाही. हिशेबाच्या भाषेत या मधल्या अवस्थेला एक नेमका शब्द आहे: बाकी. आमच्या पूर्वजांनी ही बाकी कशी सांभाळली, कोणी ती सांभाळली नाही आणि त्याचा परिणाम काय झाला, याचा थोडासा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा हेतू आहे.

एका पैचा ताळा

महाराष्ट्रात या विषयावर सर्वांना ठाऊक असलेली कथा एकनाथमहाराजांची आहे. देवगिरी किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथांकडे हिशेबाचे काम होते. एके रात्री जमाखर्चाचा ताळा जमेना; एका पैची चूक राहिली. नाथ दिव्याच्या उजेडात वह्या उलगडून बसले. रात्र चढत गेली, आणि उत्तररात्री ती पै सापडली. त्या आनंदात त्यांनी टाळी वाजविली. जागे झालेल्या स्वामींनी कारण विचारले आणि ते ऐकून म्हणाले की, एका पैची चूक सापडल्याने इतका आनंद होतो, तर संसाराची मूळ चूक सापडेल तेव्हा केवढा होईल! पुढे स्वामींनी त्यांना शूलभंजन पर्वतावर अनुष्ठानास पाठविले, असे परंपरा सांगते.

ही कथा कागदोपत्री पुराव्याची नव्हे. ती चरित्रकारांनी आणि कीर्तनकारांनी जपलेली आहे. कीर्तनात तिचे तात्पर्य वैराग्याकडे नेले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु नाथांच्या पुढील आयुष्याकडे पाहिले म्हणजे तिचा दुसराही एक अर्थ जाणवतो. पै शोधणारा तो डोळा नाथांनी पुढे टाकून दिला नाही. तो त्यांनी ग्रंथांकडे वळविला.

ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झाली. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे ती हस्तलिखितांतून आणि मुखांतून फिरत राहिली. प्रत्येक नकलेत कोठे एखादा शब्द बदलला, कोठे ओळ गळली, कोठे कोणी आपली ओवी घुसडली. मूळ ग्रंथ अत्यंत शुद्ध असूनही पाठांतरांनी तो विस्कळीत झाला, हे नाथांनी स्वतःच नोंदवून ठेविले आहे. मग त्यांनी त्या सुमारे नऊ हजार ओव्या तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी काम संपल्याची मिती घातली: शके १५०६, तारण संवत्सर, भाद्रपदातील कपिलाषष्ठी, म्हणजे इ. स. १५८४. यापुढे या ग्रंथात कोणी आपली ओवी घालू नये, असा इशाराही त्यांनी देऊन ठेविला.

हे काम कसले होते, याचा विचार वाचकांनी करावा. त्यात नवनिर्मितीचा उल्हास नव्हता. एक ओवी घ्यावी, ती प्रतींत पाहावी, फरक टिपावा, निर्णय करावा आणि पुढच्या ओवीकडे जावे. नऊ हजार वेळा हेच. प्रत्येक ओवी म्हणजे एक पैच. ती त्या वेळीच सापडली तर ताळा जमतो. पुढे पाहू म्हणून सोडली, तर शेवटी कोठली पै चुकली हेच कळत नाही. मोठ्या कामाचे खरे स्वरूप असे लहान कामांच्या राशीचे असते, आणि ज्याला लहान काम उरकता येत नाही त्याच्याकडून मोठे होत नाही.

नाथांच्या भागवताची हकीकत निराळी आहे. पैठणास आरंभिलेले ते काम मध्येच खंडित झाले. पहिले पाच अध्याय पैठणास झाले आणि पुढचे काशीस. मराठीत भागवत लिहिणाऱ्या या ब्राह्मणास काशीच्या पंडितांनी जाब देण्यास बोलाविले, अशी कथा आहे. स्थळ बदलले, श्रोते बदलले, वर विरोध उभा राहिला. तरी ग्रंथ जेथे थांबला होता तेथूनच पुढे निघाला आणि शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेस वाराणसीत पूर्ण झाला. एकतीस अध्याय आणि अठरा हजारांवर ओव्या. ग्रंथ कोठे सुरू झाला आणि कोठे संपला, हे दोन्ही नाथांनी ग्रंथातच सांगून ठेविले आहे.

आणि तरीही नाथांचा एक ग्रंथ अपुरा राहिला. भावार्थरामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आले आणि नाथांनी देह ठेविला. उरलेले युद्धकांड आणि उत्तरकांड त्यांच्या घरी वाढलेल्या गावबा नामक शिष्याने पुरे केले. हा गावबा लहानपणी मंदबुद्धी समजला जाई व पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिला, असे सांगतात. आज २९७ अध्यायांचे, सुमारे चाळीस हजार ओव्यांचे भावार्थरामायण देवळादेवळांतून वाचले जाते, तेव्हा कोठे नाथ थांबले आणि कोठे गावबा सुरू झाला, हे श्रोत्यांच्या ध्यानातही येत नाही. मात्र परंपरेने तो सांधा विसरू दिला नाही. ४४ हा आकडा जपून ठेविला. अपुरे राहणे हा दोष नव्हे. मनुष्याचे आयुष्यच अपुरे आहे. काम कोठवर आले हे पुढच्याला कळावे, एवढेच आपल्या हाती असते.

काकपद आणि हरताळ

पोथ्या नकलणाऱ्या लेखकांनी यासाठी किती साध्या युक्त्या योजिल्या होत्या, ते जुन्या बाडांत आजही दिसते. सुट्या पत्रांची पोथी शिवलेली नसते. म्हणून प्रत्येक पत्रावर समासात क्रमांक आणि ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरे घालीत. पत्रे उधळली तरी पोथी पुन्हा लागत असे. एखादे अक्षर गळले, तर त्या जागी काकपदाची खूण करून गळलेले अक्षर समासात लिहीत. चुकीचे अक्षर पडले, तर त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन वरून शुद्ध अक्षर काढीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तेथूनच आला. आणि ग्रंथ संपला म्हणजे शेवटी शक, संवत्सर, तिथी, गाव, आपले नाव व ज्याच्यासाठी लिहिले त्याचे नाव घालीत.

ही समाप्तीची ओळ म्हणजे त्या लेखकाचे उद्यापन होय. जी नक्कल अर्ध्यावर राहिली, तिला ही ओळ नसते. अशा पोथीत शेवटल्या पत्राचा क्रमांक तेवढा बोलतो. उदाहरणार्थ, त्यावर ६२ असेल, तर लेखक ६२ व्या पत्रावर थांबला आणि ६३ वे कोणीतरी लिहावयाचे आहे, एवढा निरोप त्या एका आकड्यात राहतो. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला, याचे मर्म येथे उमगते. अक्षर, कागद, शाई, लेखणी, समास यांसारख्या किरकोळ गोष्टींचा परामर्श मोक्षमार्ग सांगणाऱ्या ग्रंथाने घ्यावा, याचा अर्थ त्या किरकोळ नाहीत.

चालते दफ्तर

संतांच्या घरून आता राजाच्या कचेरीकडे वळू. बाकी सांभाळण्याची विद्या पेशवाईत शिगेला पोचली होती. पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोन मोठे विभाग होते. एक चालते दफ्तर, जे फडणिसांच्या साक्षात देखरेखीखाली असे. आणि दुसरे एकबेरीज दफ्तर, जेथे पुरे झालेले हिशेब जमा होत. चालू व्यवहाराचे कागद, सनदा, हुकूम, सरंजामांचे जमाखर्च हे चालत्या दफ्तरात राहत. ते निकालात निघाले म्हणजे एकबेरीज दफ्तरात जाऊन त्यांचे तर्जुमे तयार होत. तर्जुमा म्हणजे जमा, खर्च आणि बाकी यांचा वर्षाचा गोषवारा. दिवसाची नोंद रोजकीर्दीत आणि तीच पुढे खात्यांप्रमाणे खतावणीत, ही रीत तर साध्या वाण्याच्या दुकानापासून सरकारवाड्यापर्यंत एकच होती.

या दोन नावांतच केवढे शहाणपण आहे! जे चालू आहे ते एका ठिकाणी, जे संपले ते दुसऱ्या ठिकाणी. आपल्या बहुतेकांच्या घरी आणि मनात ही दोन दफ्तरे एकत्र झालेली असतात. झालेल्या कामांचा अभिमान, चाललेल्या कामांची चिंता आणि कधीच न होणाऱ्या कामांची लाज यांचा एकच गठ्ठा बांधलेला असतो. आणि तो जड आहे म्हणून आपण तो सोडतच नाही.

नाना फडणिसांच्या काळी या दफ्तरात सुमारे दोनशे कारकून काम करीत. परंतु दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९६ नंतर, ही घडी विस्कटली. कारकुनांची संख्या घटली, नोंदी राहू लागल्या, आणि लोकांनी दफ्तरातील कागद बाहेर नेले तरी विचारणारा कोणी उरला नाही, असे १८१८ नंतर दफ्तर ताब्यात घेणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांना आढळले. राज्य गेले त्याची कारणे अनेक आहेत. एकट्या दफ्तरावर तो भार टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु ज्या सत्तेला आपले येणे किती, देणे किती आणि अर्धवट राहिलेले काम कोणते हे सांगता येईनासे झाले, ती आधीच आतून रिकामी होत चालली होती, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

याच दफ्तराने शंभरांहून अधिक वर्षांनी पुन्हा एक शिस्तीचा माणूस पाहिला. गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये बडोद्यास सयाजीरावमहाराजांच्या सेवेत गेले. राजपुत्रांना इतिहास शिकवावा लागे, म्हणून त्यांनी टिपणे काढण्यास आरंभ केला. रोजच्या पाठापुरते ते लहानसे काम. ती टिपणे जमत जमत १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ झाली आणि पुढे ‘मराठी रियासती’ची खंडामागून खंड अशी मालिका उभी राहिली. १९२५ मध्ये सेवानिवृत्त झाल्यावर त्यांनी पेशवे दफ्तरातील हजारो रुमाल उलगडविण्याचे काम शिरावर घेतले आणि १९३० ते १९३४ या अवधीत निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. बडोद्याच्या मराठी वस्तीला या माणसाचा अभिमान वाटावा हे साहजिक आहे. परंतु रियासतकार ही पदवी ज्या माणसास मिळाली, त्याने आरंभ उद्याच्या पाठाच्या टिपणापासून केला, हे तेथील तरुणांनी विशेष ध्यानात ठेवावे.

छत्तीस वर्षांचे व्रत

एकाकी माणसाने घेतलेल्या आणि शेवटास नेलेल्या कामाचे उदाहरण शोधू गेल्यास महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्यापाशी थांबावे लागते. काणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, जन्म १८८०, व्यवसायाने मुंबईच्या उच्च न्यायालयातले वकील. नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ ते संपादित करीत होते. हे नीलकंठभट्ट पैठणहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातले, हाही एक योग. त्या ग्रंथाला जोडण्यासाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना लिहावी, एवढाच मूळ संकल्प होता. व्यवहारमयूख १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला, पण प्रस्तावना काही त्यात मावली नाही. ती वाढत गेली आणि १९३० मध्ये ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या इंग्रजी ग्रंथाचा पहिला खंड होऊन बाहेर पडली.

पुढला खंड निघावयास ११ वर्षे लागली. दुसरा १९४१, तिसरा १९४६, चौथा १९५३, पाचव्याचा पूर्वार्ध १९५८ आणि उत्तरार्ध १९६२. सहा हजारांहून अधिक पृष्ठे. मध्यंतरी वकिली होती, १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद होते, पुढे राज्यसभेचे सदस्यत्व होते. पहिला खंड निघाला तेव्हा काणे पन्नाशीचे होते. शेवटचा निघाला तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला आणि १९७२ मध्ये ते वारले. हातचे काम त्यापूर्वी दहा वर्षे संपलेले होते.

हे कसे साधले? त्या ग्रंथाच्या रचनेतच याचे उत्तर आहे. पहिल्या खंडात धर्मशास्त्राचे ग्रंथ आणि ग्रंथकार. दुसऱ्यात वर्ण, आश्रम आणि संस्कार. तिसऱ्यात राजधर्म आणि व्यवहार. चौथ्यात प्रायश्चित्त, अंत्येष्टी, आशौच, श्राद्ध आणि तीर्थयात्रा. पाचव्यात व्रते, उत्सव, काल, शांती, पुराणे आणि तंत्रे. प्रत्येक खंड स्वतःपुरता पुरा आहे. मध्येच आयुष्य संपले असते, तरी जे हाती आले ते अपंग राहिले नसते आणि काय उरले तेही वाचकाला ठाऊक असते. सर्व अंगांसह पूर्णता, हा सांगतेचा अर्थ आम्ही आरंभी सांगितला. काण्यांनी एकेक अंग पुरे करीत संपूर्ण देह घडविला. व्रतांचे विवेचन शेवटच्या खंडात यावे आणि ते लिहिणाऱ्याचे स्वतःचे छत्तीस वर्षांचे व्रत त्याच खंडाने उद्यापनास पोचावे, हा योगायोग आम्हांस फार बोलका वाटतो.

वीणा खाली ठेवावयाची नाही

परंतु काही कामे एका जन्मात मावतच नाहीत. अखंड नामसप्ताहात वीणा कधी जमिनीवर टेकत नाही. पहारेकरी आपला पहारा संपला म्हणजे ती दुसऱ्याच्या गळ्यात देतो आणि नाम खंडत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती याच रीतीने. १९१९ मध्ये वृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. १९२५ मध्ये विष्णू सीताराम सुखठणकर मुख्य संपादक झाले. १९३३ मध्ये आदिपर्व पुरे झाले. १९४३ मध्ये सुखठणकर अकस्मात वारले. तेव्हा बहुतेक पर्वे व्हावयाची होती. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांनी वीणा घेतली, त्यांच्या मागून परशुराम लक्ष्मण वैद्यांनी. आणि २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्या कार्याची सांगता झाली. तोपर्यंत १२५९ हस्तलिखितांचा उपयोग झालेला होता.

मुख्य संपादक गेला तरी काम थांबले नाही, याचे रहस्य संपाठपत्रांत होते. महाभारताचा एकेक श्लोक एकेका स्वतंत्र पत्रावर, अक्षर सुटे सुटे करून, वर लिहिलेला असे. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एकेक ओळ. शारदा, बंगाली, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी अशा नाना लिप्यांतील प्रतींत जेथे फरक आढळेल, तेथे त्याच अक्षराखाली तो टिपावयाचा. पत्र भरले म्हणजे एका श्लोकाचे काम झाले. कोणते पत्र भरले, कोणते कोरे, हे कोणालाही दिसे. ज्ञान माणसाच्या डोक्यात अडकून न राहता पत्रावर उतरलेले होते. म्हणून माणूस गेला तरी ते उरले.

गोव्याने या मालिकेत दोन नावे घातली आहेत. जुन्या पोर्तुगीज सत्तेचे दफ्तर गोव्यात १५९५ मध्ये दियोगु दु कौतु याच्या हाती सोपविले गेले. म्हणजे पैठणास नाथांची लेखणी चालू असतानाच. त्या दफ्तराला डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांच्यासारखा अभ्यासू अधिकारी विसाव्या शतकात लाभला. त्यांनी त्यातील ग्रंथ लिहिले हे खरेच. पण १९५५ मध्ये त्यांनी त्या दफ्तराची जी मार्गदर्शक सूची प्रसिद्ध केली, तिचे मोल वेगळे आहे. स्वतः पाहून संपणार नाही एवढे जे होते, त्याची वाट त्यांनी पुढच्यांसाठी आखून ठेविली. १९६९ मध्ये ते गेले. संशोधक आजही त्या वाटेने जातात. दुसरे नाव सत्तरीतील आंबेडे गावी १९०६ मध्ये जन्मलेल्या पंडित महादेवशास्त्री जोशी यांचे. गोवा मुक्तिसंग्रामाच्या ओढाताणीतून आलेल्या या गृहस्थांनी ‘भारतीय संस्कृतिकोशा’चा पहिला खंड १९६२ मध्ये काढला आणि दहावा १९७९ मध्ये. देवता, क्षेत्र, व्रत, ग्रंथ, ज्ञाती असे एकेक नोंदीचे लहान काम करीत दहा खंड झाले. कोश म्हणजे लहान कामांचेच देऊळ.

आमच्या घरची बाकी

येथवर मोठ्या माणसांच्या गोष्टी झाल्या. आता थोडे आमच्याकडे पाहावे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव आणि गोवा येथील जुन्या मराठी घरांत माळ्यावर किंवा देवघराच्या बाजूस एखादी पेटी असते. तीत मोडी कागद असतात, अर्धी नकललेली पोथी असते, आजोबांनी आरंभिलेली वंशावळ असते, एखाद्या देवस्थानाच्या उत्सवाचा अर्धवट लिहिलेला वृत्तांत असतो, आजीने म्हणावयाच्या आणि नातीने उतरवून घ्यावयाच्या ओव्यांची चार पाने लिहिलेली वही असते. प्रत्येकाचा कधी काळी संकल्प झालेला होता. कोणाचीही सांगता झालेली नाही. आणि यांपैकी कशाचीही बाकी कोठे लिहिलेली नाही. मोडी वाचणारे दिवसेंदिवस विरळ होत आहेत. ओव्या मुखोद्गत असलेल्या वृद्ध स्त्रिया एकेक करून जात आहेत. पेटी उघडणारा पुढला हात परक्याचा किंवा रद्दीवाल्याचा असेल, तर त्या अर्धवट कामांना गावबा मिळणार नाही.

कोणी म्हणेल की, फळाची आसक्ती धरू नये, केलेला प्रयत्न वाया जात नाही, असे गीतेतच भगवंतांनी सांगितले आहे. मग पुरे-अपुरे याचा एवढा विचार कशाला? आमचे उत्तर असे की, ते आश्वासन प्रयत्न करणाऱ्याला आहे, विसरणाऱ्याला नव्हे. फलाची आसक्ती सोडणे आणि कर्माची नोंद सोडणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पूजेच्या शेवटी मंत्रहीन, क्रियाहीन जे राहिले असेल त्याबद्दल आपण क्षमा मागतो. त्यातही न्यून राहिले याची जाणीव गृहीत धरलेली आहेच.

म्हणून आम्ही एक साधी वही सुचवितो. तीत प्रत्येक अर्धवट कामाला एक पान द्यावे. वर संकल्प लिहावा: काय, कोणासाठी, केव्हा आरंभिले. खाली कोठवर आले ते; आणि त्याखाली पुढचे एकच पाऊल, असे की जे एका बैठकीत उरकेल. ‘वंशावळ पुरी करणे’ हे पाऊल नव्हे. ‘आत्याला पत्र घालून पणजीचे माहेर विचारणे’ हे पाऊल होय. जे पाऊल आजच टाकता येईल ते वहीत न लिहिता टाकूनच द्यावे. आजची कीर्द आजच मिटावी. महिन्यातून एकदा, एखाद्या एकादशीस, वही उघडून प्रत्येक पानाला तीनांपैकी एक गती द्यावी. चालणारे काम चालते ठेवावे. आपल्याने न होणारे, पण होण्याजोगे काम नाव घेऊन दुसऱ्याच्या हवाली करावे. आणि ज्याचा हेतूच संपला, ते वाणी बुडीत खाती टाकतो तसे स्पष्ट शब्दांत बुडीत लिहून मोकळे व्हावे. बुडीत लिहिणे यात लाज नाही. वर्षानुवर्षे खोटी येणे बाकी ओढीत राहणे, यात मात्र ताळेबंद बिघडतो.

देवस्थानांच्या महाजनांनाही आमची हीच विनंती आहे. उत्सवाचा जमाखर्च आपण चोख ठेवता. त्याच दफ्तरात एक पान अपुऱ्या राहिलेल्या कामांचे असावे: कोणत्या पोथीची नक्कल अर्धी आहे, कोणत्या शिलालेखाचे वाचन राहिले आहे, कोणत्या जुन्या वह्या मोडीत आहेत आणि त्या वाचू शकणारे गावात कोण आहे. पुढील वर्षीच्या सभेत जमाखर्चापाठोपाठ हे पानही वाचले जावे. त्यातील एक काम जरी वर्षात पुरे झाले, तरी त्यावर मिती घालून ते पूर्ण झालेल्यांत नोंदवावे. उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या पानावर उतरवावी. वह्या बंद होण्यापूर्वी एवढे झाले, की त्या वर्षाची सांगता झाली.